हंगामातले निरोप

२ एप्रिल २०२५, जामसंडे
तोडणी जोरात आहे. गावातल्याच देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने यंदा फळावर टीपी सील हे स्टिकर आणले. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि आंबा अस्सल देवगडचा का, ते ताडून घ्यायचे. म्हणजे आमच्या हापूसची साक्ष आता व्हॉट्सअ‍ॅपच्या अर्लँगवर चालणाऱ्या सर्व्हरांतून जाते. जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली ही भाषा. २०१२ च्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपने तिच्या जोरावर एकाच सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या पेलल्या होत्या.

११ एप्रिल
काकांच्या बागेच्या मागण्यांसाठीचा प्रोग्राम आज मीही अर्लँगमध्येच, अ‍ॅक्टर पद्धतीने मांडला. कार्ल ह्यूइट आणि सहकाऱ्यांची ही १९७३ ची कल्पना. प्रत्येक अ‍ॅक्टरची माहिती त्याच्याचजवळ, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. काही हवे तर निरोप पाठवायचा. माझ्याकडे प्रत्येक मागणी हा एक अ‍ॅक्टर. अर्लँगमध्ये असा एक उभा करायला दोन-तीन किलोबाइट पुरतात, त्यामुळे लाखभर मागण्यांचेही भय नाही.

१९ एप्रिल
चालू मागणीचा अ‍ॅक्टर मुद्दाम मारला. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सुपरव्हायझरने लगेच नवा उभा केला. 'पडला तर पडू दे' हे अर्लँगवाल्यांचे धोरण मला मनापासून पटते. पण नव्याला जुने काही आठवत नाही, म्हणून पैसे आल्याची नोंद आधी डेटाबेसमध्ये हवी. शिवाय उत्तर आले नाही तर निरोप पुन्हा पाठवावा लागतो, आणि 'पेटी रवाना करा' दोनदा पोचले तर एकाच गिऱ्हाइकाला दोन पेट्या जायच्या. आता प्रत्येक निरोपावर मागणीचा क्रमांक असतो. तोच पुन्हा आला तर नुसते 'झाले' असे उत्तर.
काका शेजारीच पेंढा अंथरून पेटी भरत होते. म्हणाले, "ता सगळा बरा, पण पेटी गेली काय नाय, ता माका कळाक व्हया." खरे आहे. निरोप सुटला म्हणजे काम झाले असे नाही. उलट पोच आलीच पाहिजे.

२८ एप्रिल
परवा अक्षय तृतीया, म्हणून गर्दीची तयारी: चाचणीत मागण्यांचा लोंढा सोडला. लेबले छापणाऱ्या अ‍ॅक्टरकडे निरोप साठत गेले, मेमरी भरत गेली; निरोप साठतात त्या अर्लँगच्या मेलबॉक्सला आपणहून काही मर्यादा नसते. सर्व्हर वाढवून काय उपयोग, प्रिंटर एकच! आता लेबलवालाच हातातले काम संपले की पुढच्या २० मागतो. बाकीच्या डेटाबेसमध्ये थांबतात, आणि गिऱ्हाइकाला लगेच कळते: 'मागणी नोंदली, पाठवणी उद्या.' काकांच्या सांगण्यावरून 'उद्या' काढून 'तोडणीप्रमाणे' घातले.