साधनें घडविणारे

"मास्तर, मुलास खडकांची आवड आहे व संगणकाचीही, त्यानें कोणती वाट धरावी?" असें एका पालकांनीं मला विचारिलें. मीं त्यांस पॉल वेसेल व वॉल्टर स्मिथ यांची हकीकत सांगितली. अमेरिकेंतील लॅमाँट वेधशाळेंत भूशास्त्राचे विद्यार्थी असतांनाच या दोघांनीं नकाशे काढणारी 'जीएमटी' ही संगणकप्रणाली रचिली व १९८८ सालीं ती विनामूल्य खुली केली. पुढें वेसेल हवाई विद्यापीठांत प्राध्यापक झाले, तरी तीस वर्षांहून अधिक काळ ते ती सुधारीत राहिले. २०२४ सालीं ते निवर्तले. सागरतळाचे व भूकंपांचे कितीतरी नकाशे आज तिच्याच साहाय्यानें तयार होतात; नकाशाखालीं नांव मात्र संशोधकाचें असतें. विद्यार्थिमित्रहो, या कामांत कीर्ति थोडी. परंतु ज्यास पृथ्वीही कळते व गणितही, त्याच्या श्रमानें अनेकांचे श्रम हलके होतात.