अस्वलांच्या मुलखात कमरेला काय लावावं?

अलास्कातलं अँकरेज मोठं शहर, पण पाठीशी चुगाच पर्वत आणि उन्हाळ्यात ओढ्यांतून वर चढणारे सॅमन मासे, त्यामुळे अस्वलांची ये-जा नित्याचीच. माझ्या भाचीच्या दारातला कचऱ्याचा डबासुद्धा भक्कम कडीचा, अस्वलाला न उघडणारा!

जावईबापूंना मासेमारीचा भारी नाद. यंदा त्यांनी कमरेला लावायचं पिस्तूल घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्याबरोबर दुकानात मीही गेले. आपल्याकडे साड्या मांडाव्यात तशी तिथे पिस्तुलं मांडलेली! जुन्या मंडळींचा ओढा चव्वेचाळीस मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरकडे. बहुधा सहा गोळ्या, जोर दांडगा, पण हिसका असा की मनगट उलटावं. नव्यांना दहा मिलिमीटरचं ग्लॉक २० आवडतं. त्यात पंधरा गोळ्या, शिवाय हिसका कमी. भरल्यावर दोन्ही किलोच्या वर. हलकं रिव्हॉल्व्हर पाहून आपल्याला बरं वाटतं, पण वजन जितकं कमी तितका हिसका जास्त. गोळीही पसरणारी नको, टणक शिशाची, खोल शिरणारी हवी.

भाचीचा मात्र एकच प्रश्न, "घरात दोन मुलं आहेत, हे ठेवायचं कुठे?" कुलपाची पेटी घेतल्याशिवाय तिनं होकार दिला नाही. मला तिचंच पटलं, बाई.

तिची भिस्त तिखटाच्या फवाऱ्यावर. स्मिथ आणि हेरेरो या अभ्यासकांनी २००८ साली अलास्कातल्या घटनांचा हिशेब मांडला. तपकिरी अस्वलांवर फवारा मारला तेव्हा १०० पैकी ९२ वेळा ती आवरली. २०१२ साली बंदुकांचा हिशेब आला, त्यात पिस्तुलांचं यश ८४ टक्के. प्रसंग वेगवेगळे असल्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून भांडू नये. पण जवळ बंदूक असलेल्यांत ती चालवणाऱ्यांची आणि न चालवणाऱ्यांची गत सारखीच निघाली, हे लक्षात ठेवण्याजोगं. धावतं अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या वर जातं. नेम धरायला सवड कुठली?

शिवाय जीव वाचवायला अस्वल मारलं, तर नख्यांसकट कातडं आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते. तुम्ही-आम्ही पर्यटक व्हिसावर गेलो, तर शिकारीच्या परवान्यासारखी सवलत असल्याशिवाय शस्त्र बाळगायची मुभाच नाही. तेव्हा आपल्यासाठी फवाराच. तो विमानात नेता येत नाही, मोठ्या सामानातसुद्धा नाही. तिथेच विकत घ्यायचा. पंचवीस-तीस फुटांपर्यंत पोचतो, काही सेकंदांत डबा रिकामा होतो, आणि वारा उलटा असेल तर आपल्याच डोळ्यांत!

शेवटी दोघांनी दोन्ही घेतलं. जावईबापू दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जातात. भाची पाठपिशवीच्या छातीवरच्या पट्ट्याला फवारा अडकवते आणि सरावाच्या बिनतिखटाच्या डब्यानं अंगणात मुलांसमोर पिन काढून दाखवते.