वडिलांचा झगा

गणवेशाच्या इस्त्रीवरून तुमच्या घरी जी धांदल उडते, तशीच आमच्या घरी दर शनिवारी रात्री वडिलांच्या झग्यावरून उडत असे. वडील त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात पाळक होते. खेडोपाडीच्या मंडळ्यांकडे एस. टी.ने जाताना उपासनेचा पायघोळ पांढरा सुती झगा ते पत्र्याच्या पेटीतून नेत. घडी मात्र आईची.

१९९० साली, मी अकरा वर्षांचा असता, आई तापाने पडली होती. एका खेड्यातून वृद्ध भगिनीच्या अंत्यविधीचे बोलावणे आले. मी मोठ्या फुशारकीने झग्याची चादरीसारखी चौघडी केली आणि वर वडिलांचे बूट ठेवले! वडिलांसोबत मीही गेलो. त्या घरी इस्त्री नव्हती; तरीही मुलीने तांब्यात निखारे घालून मृत आईचे लुगडे नीट केले होते. त्या लुगड्याशेजारी चुरगळलेल्या झग्यात वडील उभे राहिले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत.

बरी झाल्यावर आईने मला घडी शिकविली. ओल आणि दाब यांनी सुताचे तंतू वाकतात व वाळताना तसेच बसतात. म्हणून इस्त्रीनंतर झगा पुरता निवल्याखेरीज घडी घालू नये. गुंड्या लावून तो पालथा पसरावा, बाह्या पाठीवर घ्याव्यात, आणि प्रत्येक मोडीत जुन्या मऊ धोतराची गुंडाळी ठेवावी, म्हणजे धार पडत नाही. गळ्यातील पट्टा दुमडू नये. भरतकाम बाहेर ठेवून गुंडाळावा. जड वस्तू तळाशी. मुक्कामी पोचताच झगा रुंद खांद्याच्या हँगरवर टांगून किंचित पाणी शिंपडावे. कापडाचे वजनच बरेचसे काम करते. पॉलिएस्टर मिसळलेले कापड कमी चुरगळते खरे, परंतु एप्रिलातील उपासनेत ते कसे वाटते, हे घालणाऱ्यासच विचारावे.

वडील आता निवृत्त आहेत. त्याच झग्यात आपल्याला मातीत ठेवावे, असे त्यांनी मला सांगून ठेविले आहे. म्हणून त्यातील खळ मी धुऊन काढली आहे, कारण खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, तेव्हा तो धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळला आहे. एकाच मोडीवर कापड विरते. यास्तव दर तीन महिन्यांनी उलगडून घडीची जागा बदलतो. मी पेटी उघडली की वडील खाटेवरून विचारतात,

“बाळ, वर बूट नाहीत ना ठेवलेस?”