आजी, बाबाला सांगू नकोस!

मागच्या फेब्रुवारीत मुलाकडे डेन्व्हरला गेले होते. एका शनिवारी सगळे ब्रेकनरिजला निघाले, मीही गेले. बर्फावर घसरायला नव्हे हं, या वयात हाडं मोडून घ्यायची हौस नाही! मंडळी उतारावर आणि मी काचेआड उबेत, हातात हॉट चॉकलेट.

बारा वर्षांचा नातू स्नोबोर्डिंग करतो. स्कीइंगला दोन पायांना दोन पट्ट्या असतात. हा एकाच फळीवर दोन्ही पाय बांधून घसरतो. गाडीत त्याने मला नियम शिकवले. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा उतार, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड अवघड. पुढच्या माणसाचा हक्क पहिला, कारण मागून येणाऱ्यालाच तो दिसत असतो. थांबायचं तर कडेला, वरून येणाऱ्यांना दिसेल असं. मला गंमत वाटली. शाळेच्या व्हरांड्यात मी तरी दुसरं काय सांगत होते?

दुपारी स्वारी एकटीच आत आली. हेल्मेटवर मागे ओरखडा. फळीची उताराकडची कड बर्फात रुतली की माणूस उताणा पडतो, तसंच झालेलं.

"थोडंसं डोकं दुखतंय आजी, उंचीमुळे असेल. बाबाला सांगू नकोस, उद्या खेळू देणार नाही."

मी 'बरं' म्हटलं. गावच मुळी ९६०० फुटांवर, माझंही डोकं सकाळपासून दुखत होतं. पटण्यासारखंच होतं ना!

पण मन स्वस्थ बसेना. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री आठवली. मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या मों-त्रांब्लांला, नवशिक्यांच्या सोप्या उतारावर ती पडली. हेल्मेट नव्हतं. 'मी ठीक आहे' म्हणाली, चालत खोलीवर गेली. तासाभराने डोकं दुखू लागलं. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांत ती गेली.

मी मुलाला फोन लावला. नातवाने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरले नाही.

डॉक्टरांनी तपासलं. मेंदूला सौम्य धक्का, म्हणजे कन्कशन. हेल्मेटने कवटी वाचते, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. म्हणून अशा वेळी पुन्हा फळीवर चढायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

'बाई, घरी सांगू नका' म्हणत मुलांनी नोकरीभर माझ्याकडे कितीतरी गुपितं सोपवली. बहुतेक मी पाळली. हे मात्र मोडलं.

दोन दिवस नातू बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आजी, तू स्निच आहेस." सुनेला अर्थ विचारला. चहाडखोर! असू दे. भांडायला नातू धडधाकट आहे, मला तेवढं पुरे.