पोटासाठी शिकलेली भाषा

शाळेत इंग्रजी कशासाठी शिकवावयाची, असा प्रश्न राणीसावरगावात कोणालाही विचारला, तर बहुधा एकच उत्तर मिळते : नोकरीसाठी. गंगाखेड तालुक्यातील या गावी आम्ही बरीच वर्षे हाच विषय शिकविला. त्यामुळे ते उत्तर आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. ते खोटे नाही. परंतु परभणी जिल्ह्याने तरी ते जरा जपून द्यावे, असे आम्हांस वाटते. कारण पोटासाठी शिकलेल्या भाषेचे पुढे काय होते, हे या भूमीने एकदा पाहिले आहे.

आमच्या वडिलांची पिढी निजामाच्या राज्यात वाढली. घरात मराठी आणि माध्यमिक शाळेत उर्दू. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. सरकारी नोकरीची वाट त्याच भाषेतून जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि पाहता पाहता त्या भाषेचा बाजारभाव उतरला. वडिलांच्या सोबत्यांपैकी ज्यांना ती केवळ अर्जापुरती हवी होती, ते ती विसरूनही गेले. वडील मात्र अखेरपर्यंत गालिबचे शेर गुणगुणत. उर्दूने त्यांना एक दिवसाचाही पगार दिला नाही. दिली ती एका थोर कवीची सोबत.

महाराष्ट्रात पूर्वी पाचवीत सुरू होणारी इंग्रजी २००० सालापासून पहिलीत आली. वर्षे वाढली, हेतू तोच राहिला. आमच्या वर्गातील मुले धडा घडाघडा म्हणत. पुस्तक मिटून ‘तुझ्या शेतात काय पिकते?’ एवढेच इंग्रजीतून विचारले, की माना खाली जात. शब्द येत नसत असे नव्हे. चुकलो तर हसतील, ही धास्ती. (हसण्यात मोठी माणसेच पुढे असतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

एके वर्षी आम्ही धडा बाजूला ठेवून फळ्यावर कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोन काढला. कोनावर उभा असलेला हा चौकोन शेतकऱ्याच्या घरी सर्वांनी पाहिलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्याबरोबर ‘पॉयझन’ हा शब्द असतो, निळ्याबरोबर ‘डेंजर’, हिरव्याबरोबर ‘कॉशन’. त्या दिवशी आम्ही हे तीनच शब्द शिकविले. बापाच्या पाठीवर फवारणीचा पंप रोज पाहणाऱ्या मुलांना ते पाठ करावे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, एरवी कधीच तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला. “सर, दुकानदार तर म्हणला, हिरव्याचं काही होत नाही. मग जपून राहा असं कशाला लिहिलंय?”

प्रश्न मराठीत होता. तरीही इंग्रजीच्या तासाला इतका चांगला प्रश्न आम्हांस त्यापूर्वी कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यावयास तासाचा उरलेला वेळ पुरला नाही.