ओटा कोणाच्या नावानं?

मिस्त्री आला, स्वयंपाकघराच्या दारातच त्यानं चपला काढल्या, आत चौफेर नजर टाकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सयपाक कोन करते घरी?"

चार दिवसांपूर्वी दुकानातला मुलगा येऊन गेला होता. त्याच्याकडे भिंतीवर लाल ठिपका पाडणारं मोजमापाचं यंत्र होतं. खिडकी, दार, कोपरे, सगळं त्यानं मिलिमीटरमध्ये मोजलं. ट्रॉल्या किती हव्यात, चिमणी कुठल्या भिंतीला, रंग कोणता, हेही आपुलकीनं विचारलं. ओट्याची उंची मात्र त्यानं विचारली नाही. ती त्याच्या कागदावर आधीच छापलेली होती, ३४ इंच.

मी मिस्त्रीला म्हटलं, "मी करते. पण माझ्यापेक्षा आईच जास्त."

"मंग आजीले बोलवा."

आई आली. ७८ वर्षांची, मूळचीच ठेंगणी, त्यात वयानं आणखी एखादा इंच गेलेला. मिस्त्रीनं तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. "आजी, हातात सराटा आहे समजा." आईनं कोपर दुमडलं. त्यानं जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला, ३५ इंच. कोपराखाली स्वतःची चार बोटं आडवी ठेवली, कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर रेघ मारली. "कापाकुपीचा ओटा इथपर्यंत, बत्तीस. शेगडीपुरता आनखी चार इंच खाली घेऊ. गंजात डोकावता आलं पाह्यजे नं."

मी आईपेक्षा चांगली हातभर नसले तरी वीतभर उंच आहे. माझं माप का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, उंच बाईला वाकता येतं. ठेंगण्या बाईनं काय करावं? आणि ओट्यापुढच्या पाटाकडे बोट दाखवून विचारलं, "हा पाट काहून आहे इथं?"

तो पाट मी लहानपणापासून तिथंच पाहत आले आहे. सागवानी, जाड, बिनखुरांचा. आमचं घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, पठाणपुरा दरवाज्याकडच्या भागात. आधी कवेलूचं होतं. १९८६ साली बाबांनी स्लॅब टाकला आणि स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आला. गल्लीत तेव्हा मोजक्या घरी ओटा होता. बायका बघायला आल्या होत्या. आई त्या पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. फरशी गार लागते म्हणून, असं आम्ही सगळे समजत होतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जाणाऱ्या गावात फरशी कितीशी गार लागणार, हे कोणाच्या मनात आलं नाही. मिस्त्रीनं विचारल्यावर मी पाट उचलून उजेडात धरला. मधोमध दोन जागी लाकूड झिजून खोलगट झालेलं होतं, पावलांच्या आकाराचं. चाळीस वर्षं आईला तो ओटा उंच पडत होता, आणि तिनं कधी म्हटलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"बांधून झाल्यावर काय सांगणार?" आई म्हणाली.

त्या रात्री मला आजीची चूल आठवत राहिली. आजीचं, म्हणजे आईच्या आईचं गाव वैनगंगेपलीकडे, आरमोरीजवळ. मी लहान होते तेव्हा तो सगळा मुलूख आमच्याच जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्यानंतरही आजी कित्येक वर्षं पत्त्यात जिल्हा चंद्रपूरच लिहायला लावायची.

होळी झाली की आजी चूल नवी करायची. माती वारुळाची. उधईनं खालून वर आणलेली ती माती मैद्यासारखी बारीक असते, चिकट असते, तिच्यात खडा सापडत नाही. वारुळाजवळ गेलं की आजी आधी हात जोडायची, आणि माती काढताना वारूळ पुरतं कधी पाडायची नाही. एका बाजूनं थोडी थोडी घ्यायची. टोपलीभर माती घरी आली की तीत बारीक कापलेली तणस, शेण आणि पाणी घालून पायानं तुडवायची. तुडवायला आम्ही पोरं असायचो. पोटऱ्यांवर वाळलेली ती माती खरवडून काढायला संध्याकाळी न्हाणीत रांग लागायची. मळलेला चिखल रात्रभर ओल्या गोणपाटाखाली मुरायचा.

दुसऱ्या दिवशी आजी पदर खोचून बसायची. हाताशी ना फूटपट्टी ना दोरी. जमिनीवर वीत ठेवायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली, आणि करंगळीपुढे दुसऱ्या हाताची चार बोटं. इतकं चुलीचं तोंड. उंची एक वीत. भिंतींची जाडी तळहाताची. वर तीन थानं, पुढं दोन आणि मागं एक, त्यांच्यावर भाताचा गंज बसायचा. बाजूला वैल, जिच्यावर वरण नाहीतर अंबाडीची भाजी मंद शिजत राही. चिखलाचा गोळा लावायचा, ओल्या हातानं वरून फिरवायचं, मागं सरून बघायचं, पुन्हा लावायचं. मध्येच ती चुलीपुढं पाटावर बसून बघायची, हात लांब करायची, कल्पनेतलं जळण आत सारायची, कल्पनेतल्या गंजावरचं झाकण काढायची. हात अवघडला की थान बोटभर खाली दाबायची. मी तेव्हा हसायचे. ती काय करत होती ते आता कळतं. ती चुलीचं माप स्वतःच्या अंगावर घालून बघत होती, शिंप्याकडं चोळी घालून बघतात तसं.

मग चूल सावलीत वाळायची. उन्हात ठेवली तर तडकते. रोज सकाळी आजी ओल्या हातानं तिला चोळायची, बारीक भेगा बुजवायची. आठ-दहा दिवसांनी आत नुसत्या काड्या जाळायच्या, दुसऱ्या दिवशी थोडं सरपण, आणि तिसऱ्या दिवशी भाताचं आधण. पहिल्या भाताची चार शितं विस्तवात जायची, मग आमच्या ताटात.

आजी गेली त्या वर्षी मामीनं तेराव्यानंतर पहिली गोष्ट केली ती ही की चूल फोडली. आई रडली. मीही मामीवर मनातून रागावले होते. मामीनं आठवड्याभरात नवी चूल घातली, तशीच माती, तशीच थानं, पण सगळंच थोडं मोठं. मामीची वीत आजीपेक्षा मोठी होती. एवढंच होतं ते.

चुलीवरच्या चवीचे गोडवे मला मात्र फारसे आवडत नाहीत. श्रावणात ओलं सरपण फुंकणीनं फुंकत तासभर चुलीपुढं बसल्याशिवाय कोणी ते गाऊ नयेत. आजीचे डोळे बारा महिने लाल असायचे, खोकला तिच्या श्वासाचाच भाग झाला होता. धूर घराबाहेर नेणारी मगन चूल वर्ध्याच्या मगनवाडीनं केव्हाच तयार केली होती. आमच्या आजीपर्यंत ती पोचली नाही. चूल गेली हे चांगलं झालं. फक्त चुलीबरोबर ती वीत आणि ती चार बोटंही गेली, आणि त्यांच्या जागी छापलेला आकडा आला.

आकड्यांचाही मला राग नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुशिल्पी बाईनं नव्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, याचा तिनं हिशेब मांडला. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या मुदपाकखान्याचा अभ्यास केला. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथं बसली. आजच्या ट्रॉल्या आणि कपाटं त्याच घराण्यातली. त्या स्वयंपाकघरात एक फिरतं स्टूल होतं, बाईनं बसून भाजी चिरावी म्हणून. पुढं जगभर कपाटं गेली, स्टूल मात्र वाटेत कुठंतरी राहून गेलं. मला ते स्टूल हवं होतं. सुतारानं ते करून दिलं, जुन्या फडताळाच्या सागवानी फळीतून. आलापल्लीच्या जंगलातलं असावं ते लाकूड, असं तो म्हणाला. रंधा मारताच असा वास सुटला की फडताळ काल भरलं होतं असं वाटावं.

काम नवतप्यात निघालं. ओटा फुटला, टाइल्स उतरल्या, छन्नीखाली भिंतीचे थर दिसू लागले. वर पिवळा डिस्टेंपर, त्याखाली हिरवा, त्याखाली नीळ घातलेला चुना, आणि सगळ्यांत आत काजळी. सिमेंटच्या गोण्या आल्या त्या जवळच्याच. राजुरा-कोरपना भागात पोटात चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उप्परवाही ही नावं सिमेंटवाल्यांच्या तोंडी झाली. आमची चूल मागच्या सपरीत आली, म्हणजे गॅसची शेगडी जमिनीवर. आई पुन्हा तीस-चाळीस वर्षांनी बसून रांधू लागली. पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी उठताना तिनं माझा खांदा धरला.

मलबा उचलायला रेजा होती, सावली तालुक्यातली, तिशीतली. घमेलं डोक्यावर घेऊन ती दिवसाकाठी अंगण-स्वयंपाकघर अशा किती खेपा करायची ते मी मोजणं सोडून दिलं. दुपारच्या सुटीत एकदा मी पाणी घेऊन गेले, तर ती भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघेला कोपर लावून उभी होती. मला बघून सरकली.

"तुझ्या घरी किती उंच आहे ओटा?"

"ओटा नाही ताई. गॅस खालीच ठेवतो. तो बी पाहुणे आले तर. नाही तं चूलच."

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, तिच्यातून तिच्या घरी सिलिंडर आलं होतं. ते पुन्हा भरणं झेपत नाही. म्हणजे सरपण जंगलातून. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि बारा महिने काटक्या. आमच्या या दोन जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात पेपरात त्या बातम्या येतात, वेचायला गेलेली बाई आणि वाघ. मी भीती वाटत नाही का असं विचारलं. ती म्हणाली, "वाकून वेचावं लागते नं ताई. उभा मानूस वाघाले मानूस दिसते. वाकलेला जनावरावानी दिसते." आणि उरलेलं पाणी पायांवर ओतून घमेलं उचलायला गेली.

पाणी ओतल्या जागेवरून माझा पाय बराच वेळ निघाला नाही. आम्ही दोन इंच वर की खाली याचा खल करत होतो. तिला दिवसभर, जंगलात, घरी, दुसऱ्याच्या मलब्यात, वाकायचंच होतं. मी मिस्त्रीला विचारलं, तिच्या घरी साधा विटांचा आणि एका फरशीचा ओटा घालायला किती लागेल. "दोन दिवसांचं काम," तो म्हणाला, "फरशी तुमचीच आहे नं, काढलेली." कडप्पा अखंड निघाला होता. तो तिच्या गावी गेला. उंची तिनं काय ठेवली ते मी विचारलं नाही. तिचं कोपर तिच्याजवळ आहे.

तांदळाच्या कोठीचा प्रश्न शेवटी उरला. दुकानाच्या चित्रांमध्ये तांदळाला दोन किलोंचा एक पारदर्शक डबा असतो. आमच्याकडे धान निघालं की वर्षाचा तांदूळ भरतात. आईला एचएमटीच लागतो. हे वाण आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचं. दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि तेव्हा लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्या धानाला पडलं. ३ जून २०१८ ला ते गेले. त्यांच्या हातून आलेला तांदूळ ठेवायला माझ्या स्वयंपाकघरात जागा नाही, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. मिस्त्रीनं ओट्याच्या टोकाला कोठीएवढी मोकळी जागा सोडली. एक ट्रॉली कमी झाली.

ओटा झाला. वरचा गिलावा ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर तराईला होता, मग ग्रॅनाइट बसलं. मिस्त्रीनं पाण्याची नळी धरून पातळी बघितली, एक सूत फरक निघाला तर दगड उचलून पुन्हा बसवला. दुकानातला मुलगा येऊन म्हणाला की दोन उंचींमुळं ट्रॉल्या वेगळ्या कराव्या लागतील, खर्च वाढेल, आणि पुढं घर विकताना अडचण येईल. खर्च वाढला. घर आम्ही विकणार नाही.

पहिल्या दिवशी आईनं भात टाकला. शेगडीसमोर उभी राहिली, झाकण काढलं, गंजात बघितलं. दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकलेली होती.

तुम्ही घराचं काम काढाल, तेव्हा रंग, दगड, ट्रॉल्या सगळं हौसेनं निवडा. पण त्याआधी जी तिथं उभी राहणार आहे तिला भिंतीला पाठ लावून उभी करा, कोपर दुमडायला सांगा, आणि तिथून खाली चार बोटं मोजा. ओट्यापुढं पाट ठेवलेला असेल, तर तो कशासाठी आहे हे आजच विचारा.