दोन दाखले

आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून ‘दाखला’ या शब्दाला मोठा मान आहे. आजोबांचा मॅट्रिकचा दाखला पेटीच्या तळाशी अजून जपून ठेवलेला सापडतो. त्याच शब्दाने एके काळी आम्हां उभयतांची झोप उडविली होती. ज्यांच्या घरी असेच मूल आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती हकीकत येथे सांगत आहोत.

आमचा धाकटा मुलगा बोलण्यात चतुर. पाचव्या वर्षी त्याला गणपतीच्या साऱ्या आरत्या तोंडपाठ होत्या; पण पुस्तक उघडले की त्याच्या चेहऱ्यावर जणू सावली येई. शाळेत इंग्रजी व गुजराती, पुढे हिंदी, आणि दिवेलागणीनंतर घरी आमची मराठी अंकलिपी. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नाही, आपल्या अक्षरांच्या डोक्यावर ती आहे. शेजारची मुले हा भेद सहज पचवीत. आमच्या मुलाला एक ओळ पार करताना घाम फुटे. आम्ही रागावलो, शिकवण्या लावल्या. एकदोनदा हातही उगारला. ते लपवून काय उपयोग?

तिसरीच्या वर्गशिक्षिका तरुण होत्या. त्यांनी एकदा आम्हांला बाजूस घेऊन, मुलाची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, असे हळूच सुचविले होते. आम्ही वर्षभर काही केले नाही. घरी आई म्हणाल्या, “अरे, असला कागद घरात आणू नकोस. उद्या चार लोक काय म्हणतील?” दोष त्यांच्यावर कशाला ढकलावा! आमच्या मनातही तेच होते.

२०१८ साली, तो चौथीत असताना, शाळेच्या प्रमुख बाईंनी बोलावून घेतले. “त्याला इथे झेपत नाही. तुम्ही दुसरी शाळा पाहा. अर्ज दिलात तर दाखला आजच देते.” बाई सौजन्याने बोलल्या, चहाही मागविला. अर्जाचा कोरा कागद समोर ठेवला. आमचे पेन खिशातून बाहेर आले होते. “विचार करून सांगतो,” असे म्हणून आम्ही कसेबसे उठलो.

त्या रात्री एका वकील स्नेह्यांनी आम्हांला जे सांगितले ते आम्ही कधी विसरणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणूनच शाळा मुलाला काढीत नाही. पालकांकडून अर्ज मागते. सही आपली, म्हणजे गेलो ते आपणच! “त्या कागदावर सही करू नका,” ते म्हणाले, “आणि दुसरा दाखला आणा.”

येथे आम्हांला श्रीमंत सयाजीराव महाराजांची आठवण होते. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्या काळी मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. २००९ च्या कायद्यात ‘सक्ती’ याचा अर्थ उलटा आहे: ती सरकारवर आहे. हे बडोद्यात राहूनही आम्हांला ठाऊक नव्हते.

दुसरा दाखला म्हणजे दिव्यांगत्वाचा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, त्यांत वाचनलेखनाच्या अडचणीला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे नाव आले. त्याच्या १६ व्या कलमात भेदभाव न करता प्रवेश देण्याचे, व अशी अडचण लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकविण्याचे सांगितले आहे. १७ व्या कलमात परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. दाखल्यावर ४० टक्के वा अधिक लिहिले असेल तर ३१ व्या कलमाप्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. टक्के कमी भरले तर सारेच बुडाले, असे पुष्कळ पालक समजतात, तसे नाही. विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की, लेखनिक मिळण्यास ४० टक्क्यांची अट घालता येत नाही.

सरकारी रुग्णालयात तीन खेपा झाल्या. बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञ, मग पुन्हा रांग. शेवटी कागद हाती आला. आईंनी चष्मा लावून विचारले, “यात तो मठ्ठ आहे असे लिहिलेय का?”

“नाही आई. बुद्धी चांगली आहे, अक्षरे त्याला छळतात, असे तपासणीत निघाले आहे.”

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग हे आधी का नाही आणलेत?”

आम्ही कोर्टकचेरी केली नाही. दाखल्याची नक्कल जोडून, कलमांचे क्रमांक घालून अर्ज लिहिला आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा आवक शिक्का घेतला. नकार आला असता तर जिल्हा शिक्षणाधिकारी व त्यांच्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त, हा मार्ग होता. तेथवर जावे लागले नाही. दोन महिन्यांनी तिसऱ्या भाषेतून सूट व परीक्षेस जादा वेळ मिळाला. पुढे दहावीला लेखनिक आणि तासामागे २० मिनिटे मिळाली. गुण सांगत नाही, पास झाला.

पण सूट मिळाली त्याच संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे अंकलिपी काढली, तेव्हा त्याने विचारले, “बाबा, शाळेने तिसरी भाषा सोडली. चौथीसाठी अर्ज कुणाकडे करायचा?”

आम्हां दोघांनाही उत्तर सुचेना. चार पिढ्या गुजरातेत काढून आम्ही मराठी टिकविली ती वाचून, आणि हा मुलगा तिच्यातून सूट मागत होता! आईंनीच अंकलिपी मिटून फडताळात ठेवली. “मी वाचीन, तो ऐकेल,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज रात्री त्या श्यामच्या आईतली एक रात्र वाचून दाखवू लागल्या. दुसऱ्या दिवशी कुठवर आलो होतो ते त्यांना आठवत नसे. त्याला मात्र शेवटचे वाक्य शब्दशः आठवे, आणि तेथून पुढे वाचन चाले.